राजीखुशीने व अक्कलहुशारीने

मराठीत लिहिलेले कोणतेही खरेदीखत, भाडेकरार किंवा बक्षीसपत्र उघडून पाहावे. मजकूर काहीही असो, शेवटाकडे एक ठरलेले वाक्य हमखास भेटते : हा दस्त मी राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावास बळी न पडता आणि कसलेही नशापाणी न करता लिहून दिला आहे. आपण बहुतेकांनी कधी ना कधी या वाक्याखाली सही केलेली असते; ते वाचलेले मात्र क्वचितच कुणी असते. भाषेच्या अभ्यासकाला तर ते आणखीच निरुपद्रवी वाटते. राजी आणि अक्कल हे शब्द मूळ अरबी, खुशी आणि हुशारी हे फारसी. दप्तरी मराठीच्या फारसी वळणाचा एक शिल्लक राहिलेला नमुना, असे म्हणून मीही वर्षानुवर्षे ते वर्गात सांगत आलो.

हा समज मोडला तो एका योगायोगाने. आमच्या शेजारच्या विधी महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ‘कायद्याची मराठी’ शिकवण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. आठवड्याला दोन तास. या मुलांना त्याच वर्षी करारविषयक कायदा असतो, आणि त्यातले शब्द घेऊन ती माझ्याकडे येतात. प्रतिफल म्हणजे काय, संविदा आणि करार यांत फरक काय, ‘शून्य’ आणि ‘शून्यनीय’ असे दोन शब्द कशाला. त्यांना उत्तरे देता यावीत म्हणून १८७२ चा भारतीय करार कायदा मी वाचायला घेतला. मी कायद्याचा अभ्यासक नाही, हे आधीच सांगितलेले बरे. पण एखादी कादंबरी वाचावी तसा हा कायदा सलग वाचला, तेव्हा पहिल्यांदा लक्षात आले की दस्तातले ते निर्जीव वाक्य म्हणजे या कायद्याच्या काही कलमांचा जवळजवळ शब्दशः सारांश आहे. राजीखुशी म्हणजे कलम १४ मधली मुक्त संमती. अक्कलहुशारी म्हणजे कलम १२ मधली सुबुद्ध अवस्था. दबाव म्हणजे कलमे १५ व १६. आणि नशापाणी? कलम १२ च्या एका उदाहरणात दारूच्या अंमलाखाली असलेला, अटी समजू न शकणारा माणूस आहेच. त्या अवस्थेत त्याला करार करता येत नाही. शब्द जुन्या दप्तरातले खरे, पण आज ते जे काम करतात ते या कायद्याने नेमून दिलेले आहे.

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवले जाते ते साधारण असे. एकाने प्रस्ताव मांडायचा, दुसऱ्याने तो स्वीकारायचा. त्यातून वचन तयार होते. वचनाला काही मोबदला हवा. कायद्याच्या मराठीत त्याला प्रतिफल म्हणतात. वचन आणि प्रतिफल मिळून होतो तो करार, आणि कायद्याने ज्याची अंमलबजावणी करून घेता येते असा करार म्हणजे संविदा. कलम १० सांगते की त्यासाठी पक्षकार सक्षम हवेत, संमती मुक्त हवी, प्रतिफल व उद्देश कायदेशीर हवेत. अज्ञान व्यक्तीने केलेला करार मुळातच शून्य, हे १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या कलकत्त्याच्या गहाणाच्या खटल्यात ठरवून टाकले.

मुलांना आवडतो तो लालमन शुक्लाचा खटला. कानपूरच्या एका गृहस्थाचा पुतण्या घरातून निघून गेला. घरच्या नोकराला, म्हणजे लालमनला, शोधायला हरिद्वारकडे पाठवले. तो गेल्यावर मालकाने पत्रके काढली : मुलाला शोधून देणाऱ्यास ५०१ रुपये. लालमनने मुलगा शोधला, पण तेव्हा त्याला बक्षिसाची खबर नव्हती. पुढे त्याने रक्कम मागितली आणि १९१३ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने ती नाकारली. जो प्रस्ताव ठाऊकच नाही त्याचा स्वीकार कसा होणार? तर्क बिनतोड आहे. तरी दरवर्षी वर्गातली निम्मी मुले लालमनच्या बाजूने असतात, आणि मला त्यांचे कौतुक वाटते.

शब्दांविषयी थोडे सांगायला हवे, कारण तेवढाच माझा अधिकार. ‘करार’ हा अरबी शब्द. स्थिर होणे, ठरणे हा त्याचा मूळ भाव, आणि ‘करारी माणूस’ आपण म्हणतो तेही याच शब्दावरून. त्याच्या डोक्यावर नव्या परिभाषेने ‘संविदा’ हा संस्कृत शब्द बसवला. मनुस्मृतीतल्या अठरा व्यवहारपदांत ‘संविद्‌व्यतिक्रम’ नावाचे एक पद आहे. पण तिथली संविद् दोन माणसांतली नाही. गावाने, देशाने, संघाने मिळून केलेला जो ठराव, तो मोडणाऱ्याचे काय करायचे, हा त्या पदाचा विषय. दोन व्यक्तींतल्या देण्याघेण्याला तिथे वेगळे नाव, ऋणादान, आणि ते यादीत पहिले. म्हणजे ज्या शब्दात पूर्वी सगळा गाव उभा होता तोच शब्द आपण आज गावाशी काही देणेघेणे नसलेल्या दोन एकट्या माणसांसाठी वापरतो. परिभाषा घडवणाऱ्यांच्या मनात हे असेल असे मला वाटत नाही. पण एखादा शब्द आपला इतिहास असा नकळत बोलून जातो.

या दोन एकट्या माणसांची गोष्ट महत्त्वाची आहे. हेन्री मेन यांचा ‘एन्शन्ट लॉ’ हा ग्रंथ १८६१ साली प्रसिद्ध झाला. माणसाचे हक्क जन्मजात दर्ज्यावरून ठरण्याकडून ते त्याने स्वतः केलेल्या करारांवरून ठरण्याकडे पुढारलेल्या समाजांची वाटचाल झाली, हा त्यातला गाजलेला सिद्धान्त. पुढच्याच वर्षी मेन हिंदुस्थान सरकारचे कायदा सभासद म्हणून कलकत्त्याला आले. कराराचा मसुदा लंडनमध्ये बसलेल्या विधी आयोगाने १८६६ साली तयार केला, मेन यांनी तो इथल्या विधिमंडळात आणला, तो काही वर्षे रखडला, आणि शेवटी त्यांच्यानंतर आलेल्या जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांच्या कारकिर्दीत मंजूर झाला. हे स्टीफन म्हणजे लेस्ली स्टीफन यांचे थोरले बंधू, अर्थात व्हर्जिनिया वुल्फचे काका. साहित्याच्या विद्यार्थ्यांना त्यांची आणखी एक ओळख करून द्यायला हरकत नाही : डिकन्सच्या ‘लिटल डॉरिट’वर १८५७ साली ‘एडिंबरो रिव्ह्यू’त त्यांनी कडाडून हल्ला चढवला होता. सरकारी कारभारातले कादंबरीकाराला काय कळते, असा एकूण सूर. असो.

पण गंमत अशी की कादंबरीकारांवर चिडलेल्या या माणसाच्या हाताखालून बाहेर पडलेला कायदा गोष्टींनी भरलेला आहे. कलमाखाली उदाहरणे देण्याची पद्धत मेकॉलेने दंडसंहितेच्या १८३७ च्या मसुद्यात आणली. करार कायद्याने ती भरभरून उचलली. इंग्रजीत ए आणि बी, मराठी पाठात क आणि ख. क घर विकू पाहतो, ख पत्राने होकार कळवतो. क आपला हजार रुपयांचा घोडा दहा रुपयांना विकायचे कबूल करतो. हे घोड्याचे उदाहरण कलम २५ खाली आहे आणि ते नीट वाचण्याजोगे आहे. क ने मोकळ्या मनाने संमती दिली असेल तर दहा रुपयेही प्रतिफल म्हणून पुरेसे. किंमत वाजवी होती का, हे पाहणे न्यायालयाचे काम नाही. लगेच पुढचे उदाहरण : तोच घोडा, तेच दहा रुपये, पण क म्हणतो की माझी संमती मोकळी नव्हती. आता मात्र ही हास्यास्पद किंमत न्यायालयाने विचारात घ्यायची आहे. दोन उदाहरणांत फरक एवढाच, की दुसऱ्यात क बोलला.

कथेचा वाचक म्हणून मला इथे प्रश्न पडतात. कोण हा क? हजाराचा घोडा दहा रुपयांना द्यायची वेळ त्याच्यावर का आली? त्याचे गाव कोणते, जात कोणती, त्या साली पाऊस किती झाला? यांतले काहीही उदाहरणात नाही; असणारही नाही, कारण क ला काही नसणे हीच कायद्याची प्रतिज्ञा आहे. दर्जा पुसून टाकलेला माणूस म्हणजे क. यात मोठेपणा नाही असे मी म्हणणार नाही. ज्या समाजात साक्षीचे वजनही जातीवर ठरत आले, तिथे अस्पृश्य आणि सावकार हे दोघेही कायद्यापुढे केवळ क आणि ख असणे ही लहान गोष्ट नव्हती. परंतु पुसलेला दर्जा कागदावरून पुसला जातो; व्यवहारात तो ओसरीवर बसलेलाच असतो.

आता कलम १३. सगळ्या कायद्यात मला सर्वांत साहित्यिक वाटणारे हे कलम. संमती म्हणजे काय, तर दोघांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने मान्यता देणे. एकाच अर्थाने! आपला सारा व्यवसाय ज्या प्रश्नावर चालतो तो प्रश्न या कलमाने एका ओळीत गृहीत धरला आहे. लिहिणाऱ्याला अभिप्रेत अर्थ आणि वाचणाऱ्याला कळलेला अर्थ एकच, याची खात्री कोण देणार? आणि त्यातला एक जण वाचूच शकत नसेल तर?

याच ठिकाणी करार कायद्याचे जुळे भावंड लक्षात घ्यावे लागते. १ सप्टेंबर १८७२ या एकाच दिवशी दोन कायदे अमलात आले. दुसरा पुराव्याचा कायदा, आणि त्याचे शिल्पकारही स्टीफनच. त्याची ९१ व ९२ ही कलमे सांगत होती की कराराच्या अटी एकदा कागदावर उतरल्या की त्या त्या कागदावरूनच सिद्ध करायच्या. कागदाला छेद देणारे, त्यात भर घालणारे तोंडी बोलणे पुराव्यात घ्यायचे नाही. (अपवाद होते. फसवणूक, धाकदपटशा, प्रतिफलाचा अभाव यांसारख्या गोष्टी सिद्ध करता येत. पण सिद्ध करायच्या कर्जदाराने, वकील लावून, तालुक्याच्या गावी हेलपाटे घालून.) रोलाँ बार्थने लेखकाचा मृत्यू जाहीर केला १९६७ साली. आमच्याकडच्या दिवाणी कचेऱ्यांत तो त्याआधी पंच्याण्णव वर्षे झालेला होता. संहिता स्वयंपूर्ण आहे, तिच्याबाहेर हेतू शोधू नका, हा नवसमीक्षेचा दंडक आपण कवितेला लावतो तेव्हा फार तर एखाद्या कवीवर अन्याय होतो. इथे प्रश्न जमिनीचा होता.

कोणता कागद, हेही पाहिले पाहिजे. मराठी दस्तात दोन पक्षांना नावे असतात ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’. आजही असतात. ही नामे ऐकली की वाटते, देणारा लिहितो आणि घेणारा घेतो. प्रत्यक्षात ‘लिहून देणार’ कुणबी एक अक्षरही लिहीत नसे. लिहिणारा कारकून, सांगणारा सावकार, आणि ‘लिहून देणार’ याची खूण म्हणून तळाशी एक चिमुकला नांगर : निशाणी नांगर. एवढा एक नांगर सोडला तर सगळी संहिता दुसऱ्याची, पण व्याकरणाने कर्ता तोच. मी, अमुक, कारणे कर्जरोखा लिहून देतो ऐसा जे. प्रथमपुरुषी निवेदनाचा इतका निर्दय वापर मराठी गद्यात दुसरीकडे माझ्या पाहण्यात नाही.

हे नांगर ज्या कागदांवर होते त्यांचे गणित समजून घेण्यासारखे आहे. व्याजदरावरची कायदेशीर मर्यादा १८५५ च्या कायद्याने उठली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्यावर दावा करायला तीन वर्षांची मुदत घातली. हेतू चांगला होता. जुनी, कुजलेली देणी उकरून काढली जाऊ नयेत. परिणाम उलटा झाला. मुदत संपायच्या आत सावकार दावा लावी, किंवा नवा रोखा लिहून घेई. आणि नव्या रोख्यात थकलेले व्याज मुद्दल होऊन बसे. महिना शेकडा दोन दराने घेतलेल्या १०० रुपयांचे तीन वर्षांनी १७२ होतात. ते मुद्दल धरून नवा रोखा केला की सहाव्या वर्षी २९६ च्या आसपास, आणि नवव्या वर्षी पाचशेच्या वर. आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम होता : एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त असू नये. मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी हिंदूंपुरता तो नंतरही मानला. पण दामदुपट मुद्दलावर चालते, आणि मुद्दल तर दर तीन वर्षांनी नव्याने जन्माला येत होते. प्रत्येक रोखा स्वतंत्रपणे वाचला तर निर्दोष. रक्कम भरून पावलो असे त्यात लिहिलेले, खाली नांगर काढलेला. मागचा रोखा, त्याच्या मागचा रोखा, त्या दुष्काळात नेलेली चार पायली जोंधळ्याची बी – हे सगळे संहितेबाहेर.

शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ नाटकात रोखा अक्षरशः वाचल्यामुळे कर्जदार वाचतो. भीमथडीत रोखा अक्षरशः वाचल्यामुळे कर्जदार बुडत होता. पोर्शिया प्रत्येक तालुक्याला मिळत नाही.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे या गावी, बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांनी गुजर व मारवाडी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला केला. पुढच्या काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरले. डेक्कन रायट्स या नावाने इतिहासात नोंदलेले दंगे ते हेच. त्यांच्या कारणांविषयी इतिहासकारांत पुष्कळ वाद आहे : अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे आलेली आणि ओसरलेली कापसाची तेजी, फेरपाहणीनंतर वाढलेला सारा, सावकारांनी आखडता घेतलेला हात. नील चार्ल्सवर्थ यांनी तर १९७२ साली असे मांडले की या दंग्यांचे महत्त्वच अवास्तव फुगवले गेले. तो वाद इथे नको. मला लक्षणीय वाटते ते चौकशी आयोगानेही नोंदवलेले एक वैशिष्ट्य. लोकांचा रोख माणसांवर फारसा नव्हता. त्यांना कागद हवे होते. रोखे, गहाणखते, हुकूमनामे मागायचे आणि जाळायचे. जिथे सावकाराने कागद मुकाट काढून दिले तिथे बहुधा पुढे काही झाले नाही.

निरक्षरांचा राग कागदावर, एवढेच वर्णन केले तर त्यात अडाणीपणाचा एक सूक्ष्म आरोप राहतो. तो मला मान्य नाही. त्या माणसांना कायदा पुरता कळला होता. कागद म्हणजे कर्जाचा पुरावा नव्हे, कागद म्हणजेच कर्ज, हे कलम ९१ चे मर्म त्यांनी कोणत्याही विधी महाविद्यालयात न जाता ओळखले होते. जोतीराव फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ साली पूर्ण झालेल्या पुस्तकात कचेरी, कारकून आणि कागद यांच्या कात्रीत सापडलेला शेतकरी आहे. तो वाचताना मागची ही आठ-दहा वर्षे डोळ्यांपुढे ठेवावीत. आणि जुन्या काळी गोतसभेपुढे सगळे सुरळीत चालत होते असा गोड समजही करून घेऊ नये. तिथे बेलभंडारा कोण उचलणार आणि कुणाचा शब्द खरा मानायचा, हेही दर्जावरच ठरे.

चार वर्षांनी, १८७९ साली, सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा केला : डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट. प्रथम तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. न्यायमूर्ती रानडे यांनी या कायद्याखालच्या खास न्यायाधीशाचे काम काही वर्षे केले. याच्या तरतुदी वाचताना मी अक्षरशः चकित झालो, कारण हा वाचनपद्धती बदलणारा कायदा आहे. शेतकऱ्याच्या कर्जाचा दावा आला की न्यायाधीशाने समोरच्या रोख्यावर थांबायचे नाही. व्यवहाराच्या आरंभापर्यंत मागे जायचे, रोख्यामागचा रोखा पाहायचा. मुद्दल आणि व्याज यांचा हिशेब वेगळा मांडायचा, मुद्दलात मुरवलेले व्याज बाहेर काढायचे. शेतकऱ्याने करून द्यायचा कागद गावच्या नोंदणी अधिकाऱ्यापुढे, त्याच्या देखरेखीखाली लिहिला जावा, आणि निशाणी होण्याआधी मोठ्याने वाचून दाखवला जावा. कलम १३ मधला ‘एकच अर्थ’ घडवण्याचा हा प्रामाणिक, थोडा भाबडा प्रयत्न होता.

सावकार गप्प बसला नाही. गहाणखत लिहिले तर न्यायाधीश उकरून पाहतो ना? मग गहाण कशाला, सरळ खरेदीखतच लिहून घ्यावे. पैसे फिटले की जमीन परत करीन, हे तोंडी सांगावे. कागद खरेदीचा, बोली गहाणाची. यावर सरकारने कायद्यात कलम १०-अ घातले. पुराव्याच्या कायद्याच्या कलम ९२ मध्ये काहीही असले तरी, व्यवहाराचे खरे स्वरूप शोधण्याचा न्यायालयाला अधिकार आहे, असे त्याने स्पष्ट शब्दांत सांगितले. संहिता आणि संदर्भ यांचा इतका उघड सामना वाङ्मयसिद्धान्ताच्या पुस्तकातही क्वचित सापडतो.

आणि मूळ करार कायदा? त्यातला गाव नसलेला क तसाच राहिला का? १८९९ साली त्यात दुरुस्ती झाली. कलम १६, म्हणजे गैरवाजवी दडपणाचे कलम, नव्याने लिहिले गेले. त्याच्या उदाहरणांत आता क हा ख चा ऋणको आहे, आणि ख कोण, तर त्याच्या गावचा सावकार. क नवे कर्ज घेतो. अटी सकृद्दर्शनी अन्यायाच्या दिसतात. दडपण आणले नव्हते हे आता ख ने सिद्ध करायचे आहे, क ने नाही. त्याच दुरुस्तीने आलेल्या कलम १९-अ च्या उदाहरणात सावकार एका शेतकऱ्याला १०० रुपये देतो आणि दडपणाने २०० चा रोखा लिहून घेतो, व्याज महिना शेकडा सहा. न्यायालय तो रोखा रद्द करून १०० रुपये वाजवी व्याजासह परत करण्याचा हुकूम देऊ शकते. सत्तावीस वर्षांनी का होईना, उदाहरणात गाव आला, सावकार आला, शेतकरी आला. पण त्याच कलम १६ खाली आणखी एक उदाहरण आहे. बाजारात पैशाची चणचण असताना बँकवाला जबर व्याजाशिवाय कर्ज द्यायला तयार नाही, आणि क ते घेतो. हे दडपण नव्हे. हा नेहमीचा धंदा. गावचा सावकार आणि शहरातला बँकवाला यांना शेजारी शेजारी बसवून त्यांच्यात रेघ ओढणाऱ्या त्या अनाम मसुदाकाराला मी लेखक म्हणून दाद देतो. रेघ बरोबर ओढली का, हा वेगळा प्रश्न.

आज करार कायदा अस्तित्वात आहे. पुराव्याचा १८७२ चा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी तोंडी बोलण्याला बाहेर ठेवणारा तो नियम त्यातही आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली ब्रजोनाथ गांगुलींच्या खटल्यात, सौदाशक्तीत आकाशपाताळाचे अंतर असताना दुबळ्याने सही केलेली अन्याय्य अट सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून शून्य ठरवली. तो खटला नोकरीच्या करारातला होता.

हे सारे मी गेल्या वर्षी वर्गात सांगितले. तास संपल्यावर शिरूरकडचा एक विद्यार्थी थांबला आणि दुसऱ्या दिवशी एका जुन्या कागदाची झेरॉक्स घेऊन आला. १८९६ सालचे खरेदीखत, मोडीत. एम.ए.च्या वेळी शिकलेली मोडी गंजलेली; तीन दुपारी लागल्या. सहा एकर जिराईत, दोनशे रुपयांना, रोख भरून पावलो, आता या जमिनीवर माझा व माझ्या वारसांचा हक्क राहिला नाही. लिहून देणार त्याचे खापरपणजोबा. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की ती विक्री नव्हतीच, पैसे फिटले की जमीन परत असे बोलणे झाले होते. कोर्टात मात्र कुणी गेले नाही.

‘सर, कलम तेराप्रमाणे ही संमती आहे का?’ त्याने विचारले.

मी म्हटले, कागद म्हणतो, आहे. मग आम्ही दोघेही तळाचा नांगर पाहत बसलो. रेघा सफाईदार होत्या, वळणदार. मजकुराच्या आणि नांगराच्या शाईत झेरॉक्समध्ये काही फरक दिसत नव्हता. शेतकऱ्याने लेखणीला नुसता हात लावायचा आणि निशाणी कारकुनानेच काढायची, अशीही त्या काळी रीत होती, हे मी त्याला सांगितले. त्याने झेरॉक्स घडी घालून वहीत ठेवली आणि मूळ कागद आणून शाई भिंगाखाली पाहता येईल का, असे विचारले. मूळ कागद चुलत्यांकडे आहे. ते देतील की नाही, हे दिवाळीला गावी गेल्यावर कळेल.